लीड्सहून शिराळ्याला, नागपंचमीच्या आधी

लीड्स, इंग्लंड
श्रावणातला पहिला रविवार

ती. आई आणि ती. अण्णा यांना साष्टांग नमस्कार. आजीला वाकून नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर आहे, वजन उतरलेलं नाही. कॅमेऱ्यात तोंड बारीक दिसतं ते माझ्या खोलीतल्या दिव्यामुळे. ड्युटीचं तुम्हाला माहीतच आहे, ते परत लिहीत नाही.

आई, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागं सोफ्यावर जे हललं तो सापच होता. दादा तुला "पट्टा असंल गं" म्हणत होता ते मी ऐकलं, पण खोटं कशाला बोलू? तू फोन ठेवलास तो ठेवलासच. तू रात्री जेवली नाहीस हे वहिनींच्या मेसेजवरून कळलं. म्हणून आज बसून पत्रच लिहितेय. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस आणि आजीला फोनवरचं ऐकू येत नाही. दादा, आजीला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

साप माझा नाही, घरमालकीणबाईंचा आहे. तो विषारी नाही. हे वाक्य हवं तर दोनदा वाच. अजगराच्या कुळातला, पण सगळा मिळून चार फुटांच्या आतबाहेर. इथं त्याला रॉयल पायथन म्हणतात. मूळ पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन त्या बाजूचा. "अजगर माणूस गिळतो" असं आजी म्हणणार. आजी, ह्याला मोठा उंदीर गिळताना दम लागतो. भ्याला की अंगाचा चेंडू करतो आणि डोकं आत खुपसून बसतो, एवढाच त्याचा पराक्रम. इथं विषारी साप कुणालाही उठून पाळता येत नाही, 1976 च्या कायद्यानं कौन्सिलचा परवाना लागतो. अख्ख्या ब्रिटनच्या रानात विषारी साप एकच आहे, अॅडर. म्हणजे सापांच्या हिशेबानं तुम्ही सगळे माझ्यापेक्षा जास्त धोक्यात आहात. भाताच्या खाचरात अण्णा अजून अनवाणी जातात का? मी मागं पाठवलेल्या पैशातून गमबूट घ्यायचे ठरले होते. त्यांचं काय झालं?

मिरजेला कॅज्युअल्टीत असताना पावसाळा सुरू झाला की घोणस चावलेली माणसं यायची. रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी आडवी करून बघायचं, गोठलंय का नाही. नाही गोठलं म्हणजे विष भिनलंय, मग विषावरची लस सुरू. ती 20 मिनिटं बाहेर बसलेल्या बाईचा चेहरा मी पुष्कळदा बघितलाय. त्यामुळे सापाचं भय मला कळत नाही असं समजू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारीही मी पेशंटच्या अंगावरून ओळखते. हा त्यांतला नाही.

आणि एक सांगू का? पंचमीला नागांची मिरवणूक काढणारं गाव म्हणून जे जगभर ओळखलं जातं, त्या गावातून मला "सापाच्या घरात राहू नकोस" असा निरोप यावा, ह्याचं मला हसू येतं. गोरक्षनाथांनी मातीच्या नागाऐवजी जिवंत नाग पुजायला सांगितलं ही गोष्ट तूच आम्हाला दरवर्षी ऐकवलीस ना? आजी तर मडक्यातून काढलेल्या नागाला ओवाळून, हळदीकुंकू वाहून, पदरानं घाम पुसत "भावा, सुखानं जा" म्हणायची. हायकोर्टानं 2014 साली जिवंत नागांचं सगळं थांबवलं तेव्हा सगळ्यात जास्त तीच चिडली होती. तू म्हणशील, तो देव. त्याला एक दिवस पुजायचं आणि जिथनं आणला तिथं सोडायचं. घरात ठेवून त्याचे लाड करायचे नसतात. हे मला पटतं. खरं तर इथं सगळ्यात चक्रावले मी ह्यालाच.

म्हणून ते जरा सविस्तर सांगते. इथले लोक साप पाळतात आणि रोज ना रोज हातात घेतात. त्याला म्हणतात हँडलिंग. बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी कपाटाएवढी लाकडी पेटी आहे, पुढं सरकत्या काचा. एका कोपऱ्यात उष्णता देणारा दिवा. तो भाग 32 अंशांवर ठेवायचा, दुसरा 25 च्या आसपास. सापाचं रक्त आपल्यासारखं आपोआप ऊन राहत नाही, त्याला हवं तसं तो इकडंतिकडं सरकतो. त्यासाठी थर्मोस्टॅट बसवलाय. आमच्या खोल्यांचा हीटर रात्री 10 ला बंद होतो, सापाचा कधीच होत नाही. लपायला दोन डबे, पाण्याचं जड भांडं, खाली झाडाच्या सालीचा चुरा. काचेला कुलूप असतं. कुलूप असतं, आई.

खाणं दोन आठवड्यांतून एकदा. दुकानात गोठवलेले उंदीर पिशवीत मिळतात, लहान, मध्यम, मोठे असे मापावर. बाई तो उंदीर कोमट पाण्यात सोडून ऊन करतात आणि लांब चिमट्यानं शेपटीला धरून हलवतात. त्याच्या ओठांवर बारीक खळगे आहेत, त्यांतून त्याला अंधारातही ऊन वस्तू जाणवते. झडप घालतो, वेटोळं घालतो, आणि मग तासभर शांतता. त्यानंतर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं ओकून टाकतो. कात टाकायच्या आधी डोळे निळसर दुधाळ होतात, तेव्हाही लावायचा नाही. उंदरांचा फ्रीझर वेगळा आहे, जिन्याखाली. माझ्या भाजीचा, दह्याचा, तुझ्या चटणीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. सापाला हात लावल्यावर ते साबणानं धुवायचे हा नियम बाईंचा आहे, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, असू शकतो, आणि हात धुण्याच्या बाबतीत मला शिकवायची कुणाला गरज नाही. दुधाचं विचाराल तर साप दूध पीत नाही. आपल्याकडचे प्यायचे ते तहानेनं कासावीस झालेले असायचे म्हणून. हे मी गावात असतानाही म्हणत होते, तेव्हा आजीनं मला चार दिवस चहा दिला नव्हता.

आता दादाचा प्रश्न. त्यानं मेसेज केला, "एवढं अंगाखांद्यावर घेतात तर त्याला बरं वाटतं का नुसतं सोसतं ते?" दादा, हा प्रश्न मी इथं आल्यापासून मलाच विचारतेय.

बाई सत्तरीच्या पुढच्या. रोज संध्याकाळी दिवेलागणीला काच उघडतात, हात आत ठेवतात आणि थांबतात. ओढून काढत नाहीत. कधी तो येतो, कधी डब्यातून नाक बाहेर काढून परत आत जातो. आला की मनगटावरून कोपरापर्यंत चढतो आणि स्वेटरच्या बाहीत डोकं घालतो. बाई म्हणतात, "हा माझ्याकडेच येतो बघ. ह्याला मी आवडते." आणि त्याच्याशी बोलत बसतात, दुकानात काय मिळालं, पाऊस कसा लागला. त्याला बाहेरचे कान नाहीत. खालच्या पट्टीतला आवाज आणि जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून थोडीफार पोचते, एवढंच.

मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वाटलं होतं गिळगिळीत असेल. अजिबात नाही. कोरडा, गुळगुळीत, आणि आत नुसते स्नायू. तो पुढं जातो तेव्हा पोटाखालचे खवले एकामागून एक तळहात धरतात आणि सोडतात, ते मोजता येतील इतकं स्पष्ट कळतं. जीभ सावकाश आतबाहेर होते. जिभेनं हवेतला वास उचलून टाळूतल्या एका इंद्रियाला पोचवतो, तेच त्याचं बघणं आणि तेच ओळखणं. तेव्हा बाईंचा वास त्याला माहीत आहे हे नक्की. माझाही आता माहीत झालाय, कारण पहिल्यांदा चेंडू करायचा तो आता करत नाही. पण शेजारच्या नातवानं एकदा वरून झडप मारल्यासारखा उचलला तेव्हा क्षणात गोळा झाला, फुसकारला, आणि नंतर घाण वास सोडला तो मुलाच्या शर्टावरून जाईना. त्याला वरून येणारा हात म्हणजे घारच.

आता माझं मत. वॉर्डात आम्हाला पहिली गोष्ट कळते ती ही की पेशंट गप्प पडलाय म्हणजे त्याला बरं वाटतंय असं धरायचं नाही. कधीकधी जो ओरडत नाही त्याच्याकडेच आधी धावायचं असतं. सापाला पापण्या नाहीत, चेहरा हलवणारे स्नायू नाहीत, आवाज नाही, शेपूट हलवून दाखवायची सोय नाही. तो हातावर निवांत पडलाय म्हणजे सुखात आहे का भीतीनं थिजलाय, हे वरवर बघून सांगता येत नाही. अंग सैल आहे का ताठ, जीभ सावकाश आहे का भराभर, जायला वाट दिली तर जातो का थांबतो, ह्यावरून ताडायचं. बाईंच्या हातात तो सैल असतो. हे मी मान्य करते.

पण मागच्या महिन्यात माझी कंबर धरली होती (आता पूर्ण बरी आहे, बेड सरकवताना नुसती लचकली होती), म्हणून मी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी सोफ्यावर ठेवली. साप बाईंच्या मांडीवर. पाचेक मिनिटांत तो मांडीवरून उतरला, सरळ पिशवीवर जाऊन वेटोळं करून बसला. बाई माझ्याकडे बघून हसल्या. "हात थंड पडतात हल्ली माझे," म्हणाल्या. मी काही बोलले नाही. पुढं थोड्या वेळानं पिशवी ऊन असतानाच तो तिथनंही उठला आणि उशीच्या मागं गेला. म्हणजे नुसत्या उबेचंही खरं नाही. त्याला फिरायचं होतं, बास.

इथं सापांचेही डॉक्टर असतात. त्यांनी बाईंना सांगितलं की साप ओळखतो, सरावतो, भीती सोडतो. कुत्र्यासारखी माया लावतो असं मात्र अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. सापांना एकमेकांची सोबत कळते, एवढं आता दिसलंय. कॅनडात 2020 साली गार्टर सापांवर अभ्यास झाला, त्यात ते ठरावीक सापांच्याच सोबतीला परत परत जायचे. आणि 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रॅटलस्नेकचे ठोके मोजले तेव्हा दिसलं की दुसरा साप सोबतीला शेजारी असला की धसक्यानं वाढणारे ठोके कमी वाढतात. हे वाचून मला नवल वाटलं. नाडी मोजणं हे माझं रोजचं काम, आणि नातेवाईक खाटेजवळ बसले की मॉनिटरवरचा आकडा उतरतो हे मीही बघते. पण ते साप आणि साप. साप आणि माणूस ह्यांचं अजून कुणी तसं मोजून मला दाखवलेलं नाही.

अण्णा, तुम्ही खळ्यावरच्या नागिणीची गोष्ट सांगायचा. नाग मारला म्हणून तिनं डूख धरला आणि बारा वर्षांनी त्याच माणसाला गाठून चावली. लहानपणी त्या गोष्टीनं मला झोप यायची नाही. आपण सापाला बारा वर्षांचा राग दिला, ह्या लोकांनी त्याला तेवढीच माया दिली. दोन्ही त्याच्या डोक्यात मावणारं नाही असं मला वाटतं. तो आपल्याला ना वैरी समजत ना नातलग. पण ज्या प्राण्याला वरून आलेला प्रत्येक हात मरण वाटतं, तो तुमच्या हातावर अंग सैल सोडतो, ही काय लहान गोष्ट आहे? मी तरी एवढ्यावर खूश आहे. बाई नाहीत, आणि त्यांचं मी खोडून काढत नाही.

कारण तो साप मुळात त्यांच्या मुलाचा. कॉलेजात असताना त्यानं आणला आणि नोकरीसाठी न्यूझीलंडला गेला. "मागवून घेतो" म्हणाला होता. न्यूझीलंडमध्ये साप न्यायलाच बंदी आहे, तिथं प्राणिसंग्रहालयातसुद्धा साप ठेवत नाहीत. हे त्याला जाताना माहीत होतं का नव्हतं, देव जाणे. रविवारी फोन करतो, "कसा आहे तो?" विचारतो, बाई पंधरा मिनिटं सापाबद्दल बोलतात. ही जात 30 वर्षं सहज जगते. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं 2020 मध्ये, साठी उलटल्यावर, अंडी घातली होती. हे कुणीतरी बाईंना सांगितलं तेव्हापासून त्यांना एकच घोर लागलाय, माझ्यामागं ह्याचं कोण करणार. परवा मला म्हणाल्या, "तुझ्या आईकडे तुझं काय आहे?" मला पटकन काही सुचेना. मी म्हटलं, माझी स्कूटी. भाऊ चालवतो.

दादा, तिचं सर्व्हिसिंग कर. ब्रेक घासत होते मी निघाले तेव्हाच.

तर मी इथून दुसरीकडे जाणार नाही. एक तर खोली हवेशीर आहे, बस दारात थांबते, रात्रपाळीहून आले तर बाई जाग्या असतात. दुसरं म्हणजे भाडं. ह्या भागात एवढ्या खोलीला जे मोजावं लागतं त्याच्यापेक्षा हे पुष्कळ कमी आहे, कारण साप आहे म्हटल्यावर बघायला आलेली माणसं उंबऱ्यावरूनच माघारी जायची. मी शिराळ्याची आहे म्हटल्यावर बाईंनी विचारलं तुमच्याकडे साप असतात का, आणि मी अर्धा तास बोलले. किल्ली त्याच दिवशी मिळाली. गावाचा उपयोग झाला तो असा.

भावाचा उपवास मी धरणार आहे. पंचमीला माझी सकाळची ड्युटी आहे, पण दिंडं करणार. पुरण आदल्या रात्री शिजवून ठेवते. त्या दिवशी चिरायचं नाही, तव्यावर काही भाजायचं नाही हे बाईंना सांगितलं तर त्यांना भारी कौतुक वाटलं. त्या म्हणाल्या मीपण पाव भाजणार नाही. पाटावर गंधानं नाग काढून पुजेन. पेटीतल्याला ओवाळणार नाही, काळजी करू नको. ओवाळलं तरी काचेबाहेरून.

आता पैशाचं. ह्या महिन्याचे दोन दिवस उशिरा येतील, बँकेला इथं सुट्टी आहे म्हणून, दुसरं काही कारण नाही. त्यातून आधी एज्युकेशन लोनचा हप्ता, मग आजीच्या मोतीबिंदूचे बाजूला काढा. "पावसाळा सरू दे" असं कुणी म्हणू नका, डोळ्याला पावसाळा उन्हाळा नसतो. आजी, तुझं सगळं मिरजेलाच करू, माझ्या ओळखीच्या सिस्टर आहेत, त्या सांभाळून घेतील. मी जवळ नसेन, पण फोन हातातच असेल. स्लॅबचं दादा म्हणतो दिवाळीआधी पडेल. पडू दे. मी माझ्या बाजूनं कमी पडू देणार नाही, पण वरच्या खोलीला माझ्या नावानं वेगळं बाथरूम वगैरे आत्ता नको. चिमणीची फी आधी.

दिवाळीला येणं होत नाही. रजेचा अर्ज दिला होता, नवीन माणसांना सणाला मिळत नाही म्हणाले. मार्चमध्ये नक्की. तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवलेत, ते कुठंही खर्च होणार नाहीत, म्हणून त्यातले मागू नका.

तासगावच्या स्थळाचं. फोटो बघितला. मुलगा बरा वाटतो. पुण्यात आहे म्हणजे लग्नानंतर मी पुण्यात यावं अशी अपेक्षा असणार, ते आधी विचारून घ्या. तीन वर्षं तरी मी इथून हलू शकत नाही, लोन तसंच आहे. वहिनी म्हणाल्या सापाचं पाहुण्यांना सांगायला नको. सांगा की. उद्या त्यांना दुसरीकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. आणि आई, तू "वय वाढतंय" असं रडवेल्या आवाजात म्हणू नकोस, मी ते कॅलेंडरमध्ये रोज बघते. मुलाशी आधी मी फोनवर बोलेन, मग तुम्ही बैठकीचं ठरवा. अण्णांनी शब्द देऊन टाकू नये एवढी विनंती.

शेंगदाण्याची चटणी संपत आलीय. पाठवलीस तर दोन पिशव्या एकात एक घालून पाठव, मागच्या वेळी तेल सुटून माझ्या कागदांना लागलं होतं. भडंग नको, इथं येईपर्यंत मऊ पडतो.

पत्र पोचलं की फोन कर. मंगळवार सोडून कधीही.

तुमची,
सोनी